कुणाला काही प्रश्न?

हिंदी मुलखातल्या आमच्या दीक्षितपुऱ्यातले अच्युतभाऊ कॉलेजात जन्मभर तत्त्वज्ञान शिकवत आले, पण एकाही पोराने त्यांना कधी प्रश्न विचारला नाही. "सर, हे परीक्षेत येईल का?" हा तेवढा सोडून. रिटायर झाल्यावर माणूस भाजी आणतो, डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतो. यांनी नाटकं काढली. म्हणे, वर्गात लोक झोपतात, नाटकात जागे राहतात! कुणी सांगितलं यांना?

मी पडले शेजारीण, सापडले तावडीत. पहिल्या वर्षी मला 'बुद्धी' केलं, दुसऱ्या वर्षी 'मृत्यू'. मृत्यू शोभला, असं घरचे म्हणाले. गणपतीत मराठी मंडळाचं नाटक झालं की शेवटी भाऊ पुढे येत, हात जोडून विचारत, "कुणाला काही प्रश्न?" एकदा खरंच एक हात वर झाला. भाऊंचा चेहरा काय फुलला, अहाहा! त्या गृहस्थाने विचारलं, "भैया, ये सफ़ेद गाड़ी किसकी है? रास्ते में खड़ी है।"

यंदा मंडळाचे अध्यक्ष शशिकांतजी साफ बोलले, "सर, एक तरी प्रश्न आला पाहिजे. नाही तर पुढच्या वर्षीपासून अंताक्षरी." भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. मला मेलीला वाईट वाटलं. माणूस हट्टी आहे, पण अंताक्षरीपुढे हरायचं म्हणजे काय!

म्हणून त्यांनी नाटक हिंदीत लिहिलं. आमच्या पोरांना मराठी समजते, बोलता येत नाही. मग प्रश्न विचारणार कशी? भाऊ झाले साधू, मी चमकीच्या साडीतली माया. तालमी त्यांच्याच घरी. त्यांची बायको, अनसूयावहिनी, आत सगळ्यांसाठी पोहे करायची. नाटकात आहे काय, हे त्या बाईला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

प्रयोग अधारतालच्या मैदानात होता. वहिनी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. भाऊंनी दाढी सावरली, हात वर केला आणि गरजले, "यह संसार झूठ है! यह संसार सपना है!"

आता हिंदीत संसार म्हणजे जग. पण वहिनींच्या कानात शिरला तो मराठी संसार, चूल-मूल-नवऱ्याचा. त्या ताडकन उठल्या.

"काहून झूठ? एवढी वर्षं पोळ्या लाटून राहिली मी, त्या कोणी खाल्ल्या?"

मग मागून एक बाई ओरडली, "सही बोल रही हैं दीदी!" दुसरी म्हणाली, "सपना है तो बर्तन कौन माँजता है?" एक काका म्हणाले, भूकही सपनाच असते. त्यांच्या बायकोने विचारलं, मग आज रात्री उपाशी झोपता का? झालं, सगळं मैदान भांडायला लागलं! शशिकांतजी माईकवर "शांती, शांती" करत होते आणि मी माया स्टेजवर पोट धरून हसत होते.

"अगं, संसार म्हणजे जग," भाऊ दाढीतून कुजबुजले. माईक चालूच होता.

"मग माझं जग दुसरं कोणतं होतं?" वहिनींनी विचारलं. "सांगा ना, सर."

त्यांना 'सर' म्हणताना मी वहिनींना कधी ऐकलं नव्हतं. भांडणारे सगळे स्टेजकडे वळले. भाऊंनी जन्मभर वाट पाहिली तो प्रश्न समोर उभा होता. आता हे मोठं व्याख्यान झोडणार, असं मला वाटलं. झोडलं असतं, तर मायेने साधूला तिथेच एक ठेवून दिली असती.

भाऊंनी दाढी काढली.

"मी खाल्ल्या," ते म्हणाले. "सगळ्या मीच खाल्ल्या, अनसूया. गरम गरम."

वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि खाली बसल्या. "मग ठीक आहे. चालू द्या तुमचं."

पुढचं वाक्य होतं, "छोड़ दो यह संसार!" मी खालच्या आवाजात दोनदा आठवण करून दिली, पण भाऊंच्या तोंडून ते काही निघालं नाही.