चेसीवरचा नंबर

आज अकोल्याच्या गॅरेजात गंजावर चोळलेल्या रॉकेलचा वास आला आणि वलगावचा गोठा आठवला. रशीदचाचा मेकॅनिक होते, मी त्यांच्या हाताखाली काम शिकत होतो. त्यांच्या वडिलांनी विकलेली महायुद्धातली लष्करी मोटरसायकल ते वर्षानुवर्षं शोधत होते. पत्ता लागून आम्ही पोचलो, तेव्हा त्या गोठ्यात गाडीचा नुसता सांगाडा उरला होता. चाचांनी रॉकेल लावून चेसी खरवडली. काळ्या रंगाखाली लष्करी हिरवा निघाला, मग नंबर. तो आम्हा दोघांनाही तोंडपाठ होता.

"हेच का तुमची गाडी?" गोठ्याच्या मालकाने विचारलं.

"नाई. आमची चालत होती."

परतताना मी म्हणालो, "चाचा, नंबर तर तोच होता."

"अम्मीले सांगू नको. ते अजून गाडीची वाट पाहून राह्यली."

तेव्हा मला ही लपवाछपवी वाटली. आज कळतं, अम्मीची आशा मोडू नये म्हणून त्या दिवसापासून वाट पाहणं फक्त त्यांचं एकट्याचं संपलं होतं.