बिनपायांचे दशपाद

श्रीविद्याबाईंना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. हेब्बाळच्या उड्डाणपुलाखाली बस अडकली की त्या सीटवरच पुढे पुढे सरकायच्या, जसं काही त्यांच्या सरकण्याने रस्ता मोकळा होणार होता. अस्वस्थ व्हायला कारणही होतं म्हणा. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता केस पांढरे झाले, तरी दर जूनमध्ये नेमणूक मिळायची ती तात्पुरतीच. यंदा कायमची जागा निघाली होती. वयाची अट पाहता ही शेवटचीच संधी, आणि निवड समितीपुढे पाठ घ्यायचा होता दशपादांवर.

शब्दाचं मूळ बाईंनी झोपेतून उठूनही सांगितलं असतं. ग्रीकमध्ये 'डेका' म्हणजे दहा, 'पूस' म्हणजे पाय. दोन शतकांपूर्वी एका फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने कोळंबी, खेकडे, शेवंडं अशा साऱ्या गोतावळ्याला 'डेकापोडा' हे नाव दिलं. अडचण एवढीच, की बाईंनी जन्मात कोळंबीला हात लावलेला नव्हता. घर शहाजीराजांच्या काळापासून बंगळुरात राहिलेलं. चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. आजवर फळ्यावरच्या चित्रांवर निभावलं होतं. समितीला मात्र खरा प्राणी हवा होता.

पाठाच्या दिवशी सकाळी त्या कॉलेजसमोरच्या मासळीच्या दुकानात गेल्या, नाकाला पदर लावून.

"मोठी कोळंबी द्या."

"साफ करून देऊ, अक्का?"

हा काय प्रश्न झाला! परीक्षेला का घाण न्यायची? "अगदी स्वच्छ करा. दोनदा धुवा," असं बजावून त्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डबा हातात आला तोही बंदच.

पाठ छान रंगला. ग्रीक झालं, फ्रेंच झालं. कोळंबीच्या पोटाखाली पोहायचे आणखी पाय असतात, पण नावातल्या दहांत ते धरत नाहीत, हेही सांगून झालं. "आता प्रत्यक्षच मोजू," म्हणत बाईंनी डबा उघडला.

आत पांढरे, गुळगुळीत, वाकडे तुकडे होते. डोकं नाही, कवच नाही, पाय तर औषधालाही नाही. बाईंनी चिमट्याने एक उलटा केला, मग दुसरा. सगळे सारखेच.

"मॅडम, पाय कुठे आहेत?" समितीचे अध्यक्ष नरसिंहराव म्हणाले. बाकीचे दोघे हसू दाबत होते. "सरी, असू दे. स्वल्प चहा घेऊ या आधी."

बाईंना रडू आलं आणि रडू आल्याचा भयंकर संताप आला. इतकी वर्षं पोरांना पाय मोजायला लावले आणि स्वतः एकदाही मोजले नाहीत! "चहा होईतो आलेच, सर," म्हणत त्या निघाल्या. रिक्षावाल्यांच्या शिव्या खात रस्ता ओलांडून दुकानात शिरल्या. या वेळी नाकाला पदर नव्हता. टोपलीत दोऱ्याने बांधलेले जिवंत खेकडे होते. त्यांतला लहानसा निवडून त्यांनी ओरडून सांगितलं, "काही करू नका! असाच द्या!"

चहाचे कप अजून टेबलावरच होते. बाईंनी त्यांच्या मधोमध ट्रे ठेवला आणि दोरा कापून टाकला. दोरा तसाच ठेवून मोजता आलं असतं, पण तेवढा धीर कुणाला?

"नांग्या म्हणजे हात नव्हेत. ही पायांचीच पहिली जोडी," म्हणून त्यांनी उघड्या बोटाने नांगीला स्पर्श केला. "एक. दोन."

दुसऱ्या नांगीने बोट पकडलं. बाईंचे डोळे पांढरे झाले. एक जण खुर्ची मागे सारून उठलाच. बाईंनी दुसरा हात पुढे केला.

"तीन. चार."

"मॅडम, रक्त येतंय! सोडा तो!"

"मी कुठे धरलाय, सर? त्याने धरलंय," बाई दातांवर दात रोवून म्हणाल्या. "पाच. सहा."

नरसिंहराव ट्रेवर वाकले. सातवा पाय त्यांनीच मोजला.