माय लातूरला होती

माझा स्वभाव तापट आहे. शाळेतली पोरं माझ्या माघारी मला मिरची बाई म्हणायची, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. पण कोर्टाचा विषय निघाला की माझा आवाज आपोआप खाली येतो. लोक कोर्टाला शिव्या घालतात, तारखांना घालतात, वकिलांना तर घालतातच. घाला बापडे. मी घालत नाही. उदगीरच्या कोर्टात एका न्यायाधीशांनी एक साधा प्रश्न विचारला, म्हणून माझ्या मायचं घर राहिलं. त्यांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

माझे वडील मुदखेडला रेल्वेत गँगमन होते. ते अचानक गेले आणि आम्हाला क्वार्टर सोडावं लागलं. माय गाठोडी बांधून देवणीकडच्या आमच्या गावी आली, सासऱ्यांनी बांधलेल्या घरात. बौद्धवाड्यातलं घर, दोन खोल्या आणि पुढं सोपा, म्हणजे ओसरी, वर मातीचं माळवद. एका खोलीत काका, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, बायकापोरांसह राहत होता. दुसऱ्या खोलीत माय राहिली. मी नांदेडला होस्टेलवर राहून डी.एड. करत होते.

काकाचा थोरला पोरगा लग्नाला आला होता. नव्या जोडप्याला खोली पाहिजे, हे कुणालाही समजतं. मग तोंडानं मागावी की नाही? तर नाही. ह्या गृहस्थानं थेट उदगीरच्या दिवाणी कोर्टात दावा टाकला. भाऊ रेल्वेत लागला तेव्हा त्यानं आपला हिस्सा मला तोंडी सोडून दिला, सबब सगळं घर माझं, वहिनीनं खोली रिकामी करून द्यावी, असा तो दावा. वडिलांनी काहीसुद्धा सोडलं नव्हतं. दर उन्हाळ्यात रजा काढून ते गावी यायचे आणि त्या माळवदावर स्वतःच्या हातानं पांढरी माती टाकायचे. सोडून दिलेल्या घरावर कोण माती टाकत बसतं?

पहिल्या तारखेला माय उदगीरला जाऊन आली. तिचं म्हणणं लेखी आणायला कोर्टानं पुढची तारीख दिली. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. पाऊस दगा देऊन गेला आणि लातूर जिल्हा झाला.

उस्मानाबाद जिल्हा तोडून नवा जिल्हा झाला, त्याचा आमच्याकडे केवढा गवगवा. कलेक्टर लातूरला, एस.पी. लातूरला, मोठं कोर्टही लातूरला. हॉटेलात चहा पिताना आणि टँकरच्या रांगेत एकच बोलणं, आता समदं लातूरला. मग आमचा दावाही लातूरलाच गेला असणार, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. तालुक्याचं कोर्ट जिथल्या तिथंच असतं, हे सांगणारा एकही शहाणा आख्ख्या गावात निघाला नाही.

तारखेच्या दिवशी मायनं रोजगार हमीच्या खडीवर खाडा केला, भाकर बांधली, पाण्याची चरवी घेतली आणि लातूरची एस.टी. धरली. आत बघते तर मागच्या बाकावर काका. ज्यानं उदगीरला दावा टाकला तोच माणूस लातूरच्या गाडीत. हसावं की रडावं, सांगा. माय पुढं बसली, तो मागं.

लातूरच्या कोर्टाच्या आवारात दोघं लिंबाखाली पुकाऱ्याची वाट बघत बसले, एक खोडाच्या अलीकडं, एक पलीकडं. उन्हं तापली. आवारातल्या नळाला पाणी नव्हतं, त्या साली कुठंच नव्हतं. काकानं घरून पाणी आणलं नव्हतं. दुष्काळात पाणी न घेता बाहेर पडणाऱ्या माणसाला काय म्हणावं? त्याचे ओठ सुकलेले बघून मायनं न बोलता चरवी त्याच्याकडं सरकवली. तोही न बोलता प्याला. शेवटी तिथं अर्ज लिहून देणाऱ्या एका माणसानं दोघांना सांगितलं, "उस्मानाबादचे गठ्ठे अजून सुटले न्हाईत. घरी जावा, कागद येईल." आल्या गाडीनं दोघं परत आले.

त्याच दिवशी उदगीरला दाव्याचा पुकारा झाला होता. काकाचा वकील हजर, माय गैरहजर. कोर्टानं दावा एकतर्फी चालवायचं ठरवलं. वकिलानं निरोप धाडल्यावर काकाला आपली चूक कळली. तो उदगीरला गेला, साक्ष देऊन आला आणि घरी येऊन मूग गिळून बसला. भिंतीपलीकडं माय लातूरच्या कागदाची वाट बघत होती. कागद आला तो बेलीफाच्या हातात. एकतर्फी हुकूमनामा झाला आहे, खोलीचा ताबा द्या.

निरोप मिळाला तशी मी नांदेडहून निघाले. गावात शिरल्या शिरल्या काकाच्या दारात उभी राहून जे तोंडाला येईल ते बोलले. तो आतून बाहेर आला नाही. मायनंच मला दंडाला धरून ओढून नेलं.

उदगीरचे आमचे वकील वयस्कर होते, समजुतीनं बोलणारे. त्यांनी आधी ताब्याला तात्पुरती स्थगिती मिळवली. मग म्हणाले, "एकतर्फी हुकूम रद्द होतो, बाई. पण गैरहजर राहायला सबळ कारण लागतं. लातूरला गेले होते, हे कोण खरं मानणार? त्यापेक्षा आजारी होते म्हणा. डॉक्टरचा दाखला आणू."

माय म्हणाली, "आजारी नव्हते मी. धडधाकट लातूरला गेले होते."

"साक्षीदार आहे का कोणी?"

"हाय की. माजा दीर."

वकील हसायला लागले. ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा, त्यालाच साक्षीदार म्हणते ही बाई. मी मात्र कपाळाला हात लावला. दाखल्यानं घर वाचत असेल तर आण दाखला, असं मी तिला विनवून सांगितलं. तिचं एकच, "जे झालं तेच लिवा." बाहेर आल्यावर मी तिच्याशी बोलायचंच बंद केलं. अर्ज फेटाळला तर ही राहणार कुठं?

सुनावणीला माय पिंजऱ्यात उभी राहिली आणि एस.टी.पासून लिंबापर्यंत सगळं सांगितलं. काकाच्या वकिलानं उलटतपास घेतला. "बाई, पहिल्या तारखेला उदगीरचं कोर्ट बरोबर सापडलं. दुसऱ्या तारखेला लातूर कसं आठवलं? मुद्दाम आला नाहीत तुम्ही."

"जिल्हा झाला ना लातूर. मला वाटलं, दावाबी तितंच गेला."

कोर्टात खसखस पिकली. मला तर त्या वकिलाचा गळा धरावासा वाटला. न्यायाधीश हसले नाहीत. तरुणच होते, मानेवरचा घाम पुसत ऐकत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "वादी हजर आहे का? पुढं या."

काका पुढं आला. हातात टोपी, नजर फरशीवर.

"त्या तारखेला ह्या बाई कुठं होत्या, माहीत आहे तुम्हाला?"

त्याचा वकील ताडकन उठला. न्यायाधीशांनी त्याला हातानंच बसवलं. काका टोपी चुरगाळत उभा राहिला. मी मनात म्हटलं, संपलं. हा आता कानावर हात ठेवणार.

"लातूरला होती, साहेब."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीबी तितंच होतो. दिसभर. वयनीनं पाणी दिलं मला."

पुन्हा हशा पिकला. न्यायाधीश म्हणाले, "मग साक्षीच्या वेळी हे का सांगितलं नाही?"

"कुनी इचारलंच न्हाई, साहेब."

दोन्ही पक्षकार चुकून लातूरला गेले होते, बाईची गैरहजेरी मुद्दामची नाही आणि अर्जाच्या उशिराचं कारणही पटण्यासारखं आहे, असं सांगून न्यायाधीशांनी एकतर्फी हुकूम रद्द केला. इतके दिवस दातओठ खाऊन जमवलेला सगळा राग डोळ्यांवाटे वाहून गेला. ते साहेब पुढं बदलून कुठं गेले मला ठाऊक नाही. भेटले असते तर पायावर डोकं ठेवलं असतं. आणि काकाचंही खरं तेच सांगते. खरं बोललं तर हातचं घर जाणार हे कळत असून तो बोलला. त्याबद्दल त्याचे उपकार मानायला मला बराच वेळ लागला, पण मानले.

दावा पुन्हा पहिल्यापासून चालला. ह्या वेळी मायचं म्हणणं कागदावर आलं. वडिलांच्या गँगमधले लोक मुदखेडहून साक्षीला आले आणि वडिलांची उन्हाळ्याची रजा कशासाठी असायची ते त्यांनी सांगितलं. तारखेला माय आणि काका एकाच गाडीनं जायचे. हळूहळू बाकही एकच झालं. निकाल लागला, हिस्सा सोडून दिल्याचं सिद्ध झालं नाही, खोली मायची.

तोवर पाऊसपाणी झालं होतं आणि दुष्काळानं लांबलेलं काकाच्या पोराचं लग्न ठरलं. एका सकाळी काका मायच्या दारात येऊन उभा राहिला. मी सुट्टीला घरीच होते.

"वयनी, पोराचं लगीन हाय. ती खोली..."

"नीट इचारा की, भावजी," माय म्हणाली.

"खोली देता का? नवी बांधीस्तोवर?"

"देते. मी सोप्यात निजते."

तो गेल्यावर माझा भडका उडाला. एवढी कोर्टकचेरी करून मिळवलेली खोली, आणि त्यानं तोंड उघडताच देऊन मोकळी? वेड लागलंय का तुला? हेच करायचं होतं तर भांडलीस कशाला?

माय भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कोर्टानं माजी हाय म्हून सांगितलं, म्हून तर मला देता आली, बाई. न्हाई तर ती माज्याकडून घेतली असती."