अर्जुनाचा दीड नंबर

आमचे बाबाराव हिवाळाभर आर्वीच्या कापूस-बाजारात मापारी असत आणि चैत्र लागला की अर्जुन होत. एकीकडे नजर काट्यावर ठेवायची, दुसरीकडे माशावर. काम एवढंच, पण नेमकी नजरच दगाबाज निघाली. चष्म्याचा नंबर वाढत वाढत मायनस बारावर गेला. चष्मा काढला की बाबारावांना सगळं जग सरकीसकट पिंजून ठेवलेल्या कापसासारखं दिसे.

गावच्या जत्रेत आमचं मंडळ द्रौपदीचं स्वयंवर करी. ते बसवणाऱ्या बापूजींचे दोन हट्ट होते. पहिला, मासा खराच पाडायचा. इतर गावांत पडद्यामागून दोरी ओढून पाडतात, तसलं आमच्याकडे चालत नसे. मासा पुठ्ठ्याचा, बाण बोथट, पण नेम खरा. दुसरा हट्ट, अर्जुनानं चष्मा लावायचा नाही. द्वापरयुगात चष्मा कुठला, असं ते विचारत.

मागल्या जत्रेत बाबारावांचा बाण पेटीवाल्याच्या टोपीत जाऊन बसला. पेटीवाल्यानं सूर सोडला नाही म्हणून प्रवेश निभावला, पण द्रौपदीनं हार घालायचा कोणाला, हा प्रश्न उभा राहिला. पेटीलेच घाला, असं लोकांतून कोणीतरी सुचवलं.

तेव्हापासून मंडळातला तानबा अर्जुनाच्या मुकुटाकडे बघू लागला. तानबाचे डोळे उत्तम होते. त्याच्याबद्दल तक्रार एवढीच, की त्याला तोंडही होतं. शेवटी बापूजींनी निकाल दिला, यंदा मासा पडला नाही तर पुढं अर्जुन तानबाचा. बाबाराव खंगले. त्यांच्या पत्नी कोकिळाबाई सांगत, की हा माणूस भाकरीकडेही स्वयंवर हरल्यासारखा पाहतो.

अशात कुठून तरी बातमी आली, की नागपुरात डोळ्याच्या आतच काच बसवून देतात. मंडळानं वर्गणी काढली. बाबाराव नागपूरला गेले, डॉक्टरीणबाईंनी डोळे मापले, आणि पुढल्या खेपेला एका डबीत दोन लेन्सा आणि सोबत एक चिठ्ठी मिळाली. ती चिठ्ठी बाबारावांनी घरी येऊन उघडली. चष्म्याच्या कागदावर मायनस बारा. लेन्सच्या चिठ्ठीवर मायनस साडेदहा, आणि पुढं आणखी काही आकडे, जे कशाचे ते कळेना.

आता मापारी माणूस. शेतकऱ्याच्या मापातून ओलाव्याच्या नावानं थोडं कापून घेतात, त्याला कडता म्हणतात. जन्मभर त्यांनी हा कडता डोळ्यांनी पाहिलेला. ते चिठ्ठी घेऊन तडक बापूजींकडे गेले.

"बाराचे पैसे घेतले अन् साडेदहा हातात देल्ले," ते बापूजींना म्हणाले. "डोयाले बी कडता लावला हो त्यायनं."

तानबा तिथंच होता. "दीड नंबर कमी हाये तं काऊन भेऊन राह्यले?" तो म्हणाला. "मासा नाई दिसन, पण पेटीवाला तं दिसन."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं बाबाराव, बापूजी आणि मी निघालो. बापूजी भांडायला, मी सोडवायला. रस्ताभर बापूजी भाषणाची तालीम करत होते.

डॉक्टरीणबाईंनी टोपीपासून सगळं ऐकून घेतलं. मग बाबारावांना म्हणाल्या, "चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्या. समोरचं कॅलेंडर दिसतं?"

बाबारावांनी चष्मा खाली ओढला. तारखा पुसट झाल्या.

"आता डोळ्यांजवळ आणा. आणखी जवळ."

तारखा पुन्हा उमटल्या.

"काच तीच आहे ना? पण डोळ्याजवळ आली की तिचा जोर वाढतो. चष्मा डोळ्यापासून बोटभर दूर असतो, म्हणून त्याला बारा लागतो. लेन्स डोळ्यावरच बसते. तिला साडेदहा पुरतो. बारा दिला असता तर जास्त झाला असता, आणि डोकं दुखलं असतं."

 बाबारावांच्या चेहऱ्यावर एकेक दिवा लागत गेला. बाजारातल्या काट्याची दांडी त्यांच्या डोळ्यांपुढं आली असावी. "बापूजी, वजन तेच, पण दांडीवर सरकवलं का माप बदलते," ते म्हणाले. "हा कडता नाई. हे बरोबर माप हाये."

उरलेल्या आकड्यांचंही बाईंनी सांगितलं. चष्मा नाकाकानावर टेकतो, लेन्स बुबुळावर टेकते. म्हणून बुबुळाची गोलाई आणि लेन्सची रुंदी चिठ्ठीत लिहावी लागते. भांडण वाया जातंय असं पाहून बापूजींनी विचारलं, की मग याच चिठ्ठीवर एखादा चष्मा करून घेतला तर? बाई हसून म्हणाल्या, की मग अर्जुनाला पुन्हा टोपीच दिसेल. परतीच्या वाटेवर बाबाराव खिडकीशी बसून गुणगुणत होते. इतके हलके ते कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

बाजारात कापसाची धूळ, म्हणून लेन्स घरीच घालून सवय केली. सुरुवातीला डोळे इतके गळत, की शेजारणी कोकिळाबाईंना दुःखाचं कारण विचारून गेल्या.

जत्रेला अर्जुन रंगमंचावर आला आणि तसाच उभा राहिला. आमच्या लक्षातच आलं नव्हतं: एवढ्या वर्षांत बाबारावांनी प्रेक्षक कधी पाहिलेच नव्हते. आज पहिल्यांदा सगळं गाव चेहऱ्यांसकट समोर बसलेलं दिसलं, आणि अर्जुनाचं भाषण पार उडालं. तानबा विंगेत मुकुटासाठी डोकं पुढं काढून उभा.

तेवढ्यात बायकांत बसलेल्या कोकिळाबाईंचे ओठ हलताना बाबारावांना दिसले. रोज घरात ऐकून ऐकून त्यांना सगळा अर्जुन पाठ होता. त्यांच्या ओठांवरून एकेक वाक्य उचलत बाबारावांनी भाषण पुरं केलं, खाली परातीतल्या पाण्यात पाहिलं आणि बाण सोडला.

मासा पडला. पेटीवाल्यानं आधी टोपी चाचपली, मग सूर धरला.