पाहुण्यांसमोर म्हटलेली टीव्हीची धून

जुन्या मालिकांचा विषय निघाला की बायका कशा खुलतात! "काय दिवस होते बाई," म्हणतात, एकेकीची धून गुणगुणतात. त्या एका मालिकेची धून निघाली की मला मात्र घाम फुटतो, आणि मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. तेलुगू मुलखातल्या बाजारहत्नूरला आमचं किराणा दुकान. पुढं दुकान, मागं बैठक, बैठकीला लागून मालाची कोठडी. बाबांनी हौसेनं काळा-पांढरा टीव्ही आणला होता. तेलुगू बातम्या संपल्या, की आठवड्यातून एकदा ती हिंदी विनोदी मालिका लागायची. आधी लांबलचक शीळ, मग तबला, मग टुंग-टुडुंग, टुंग-टुडुंग. शब्द एकही नाही. पडद्यावर चितारलेला एक जाडा माणूस उडालेल्या छत्रीमागं पळायचा, आणि त्याच्यामागून मालिका करणाऱ्यांची नावं यायची. नावं संपतात न संपतात तोच आमच्याकडची लाईट जायची. त्यामुळं मालिका मी धड कधी पाहिलीच नाही. नावं मात्र तोंडपाठ. कपडे कुणी शिवले तेसुद्धा विचारा!

बाबा गिऱ्हाईक अर्ध्यात सोडून आत यायचे. "ये वं, लागली!" मी शीळ घालायची, तोंडानं टुंग-टुडुंग करायचं आणि त्यांनी हाताला लागेल त्यावर ठेका धरायचा. डबा असो, पाट असो. माय कपाळावर हात मारून घ्यायची. "खाण तशी माती. तुमा दोघायले काई लाज हाय का?" नव्हती, बाप्पा. तेव्हा खरंच नव्हती.

मग मुधोळचे पाहुणे मला बघायला आले. मुलगा शाळेत मास्तर, घर चांगलं. बाबा तर आठवडाभर हवेतच होते. आमच्याकडं मुलीला पाटावर बसवतात, नाव-गाव विचारतात, चालून दाखवायला लावतात, आणि शेवटी गाणं. मायनं माझ्याकडून एक अभंग घोटून घेतला होता.

"गाणं येते का बाई?" मुलाच्या मामांनी विचारलं.

मी मान खाली घातली, तोंड उघडलं, आणि अभंग गायब. पहिला शब्दही आठवेना. आणि माझ्या तोंडून काय निघावं? शीळ! बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोरीनं शीळ घातली! तिथंच थांबायचं तर मी पुढं टुंग-टुडुंगही सुरू केलं. थांबले तर काय म्हणायचं, हेच कळेना. आणि शेजारी बसलेल्या बाबांनी पोह्यांच्या ताटावर ठेका धरला. डोळे मिटून. आम्ही दोघांनी ती धून शेवटपर्यंत नेली.

मामांना हसता हसता ठसका लागला. मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली, "बरं हाय," म्हणाली आणि मला कुंकूही न लावता उठली.

निरोप घेऊन मध्यस्थ आला तो थेट दुकानात, भर गिऱ्हाइकांत. "पोरीचं काई न्हाई. लहान हाय, घाबरली. पन बापच पोरकट हाय म्हनतात ते. अशा घरची पोरगी नको."

झालं! आठवडी बाजारात तेवढाच विषय. तेल न्यायला आलेली चांगली मिशावाली माणसं बाबांना बघून पिशवीवर टुंग-टुडुंग वाजवायची. आधी बाबा त्यांच्यासोबत हसले. मग हसणं बंद झालं. टीव्हीवर त्यांनी चादर टाकली. मला घराबाहेर पडायची लाज वाटे, आणि सगळा राग त्यांच्यावर निघे.

"मी चुकली ते चुकली, तुमी काऊन वाजवलं?"

"हात गेला वं," एवढंच म्हणाले.

पुढं बोथचे पाहुणे यायचं ठरलं. त्या दिवशी बाबाच काकांना म्हणाले, "तू बस पाहुण्यायपाशी. मी न्हाई बसत." माय काहीतरी बोलेल असं मला वाटलं. ती बोलली नाही. मीही बोलले नाही. जीपचा आवाज आला तसे बाबा कोठडीत शिरले आणि त्यांनी आतून दार ओढून घेतलं.

मुलाच्या आईनं इकडंतिकडं बघितलं आणि मलाच विचारलं, "बाबा कुठं गेले, बाई?"

"आदिलाबादले. माल आणाले."

जीभ जराही अडखळली नाही. अभंगही अडखळला नाही. कोठडीचं दार माझ्या पाठीमागं दोन हातांवर होतं. आत मिरच्यांची पोती होती, पण तिथून खोकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. त्यांनी मला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, साखर वाटली. काका आणि मुलाचे वडील गळाभेट घेत होते. ती गळाभेट माझ्या बापाची होती, हे मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं, आणि मी साखर चघळत होते.

जीप गेली तेव्हा मी दार उघडलं. बाबा घामानं निथळत होते, डोळे लालभडक. माझ्या कपाळाकडं बघून म्हणाले, "ठरलं?"

"ठरलं."

धोतराच्या सोग्यानं त्यांनी तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मग हळूच विचारलं, "माह्याबद्दल काय सांगतलं त्यायले?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "गावाले गेले म्हणून सांगतलं."

"चांगलं केलं," बाबा म्हणाले. "चांगलं केलं वं, बाई."