वस्त्रगाळ माती

लग्न होऊन मी नवऱ्याबरोबर निघाले ती थेट बोअरच्या मशीनमागे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा तो दुष्काळ. राहुरीकडे, आटलेल्या नदीच्या काठी एका गावात पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घ्यायचा होता आणि मशीन चालवणारे होते आमचे हे. आम्ही उतरलो होतो एका विधवा बाईंच्या पडवीत. सगळा गाव त्यांना आत्याबाई म्हणे, मीही म्हणू लागले.

काठची जमीन वाळूची. भोक पाडलं की भिंत ढासळे. म्हणून आत मातीचं दाट पाणी फिरवत ठेवायचं. त्यातली माती भिंतीवर लेपासारखी बसते आणि भिंत धरून ठेवते. पण त्या पाण्यात वाळूच फार झाली होती. ह्यांनी ते फडक्यात बांधून टांगलं, मी चक्का टांगते तसं. पाणी भराभरा गळून गेलं. लेप भरड झालाय, पाणी धरत नाही, असं म्हणून हे पानावर बसले आणि राग निघाला माझ्या भाजीवर. म्हणे अळणी आहे. मीठ चांगलं बरोबर होतं.

आत्याबाईंनी ऐकलं. घराच्या माळवदावर, छत गळू नये म्हणून घालतो ती पांढरी माती चालेल का, असं त्यांनी विचारलं. हे हो म्हणाले मात्र, गावातल्या बायका कामाला लागल्या. माळवद गळलं तर नाक कापलं जातं घरच्या बाईचं, तेव्हा बोअरलाही तोच मान. माती जुन्या लुगड्यांतून वस्त्रगाळ केलेली. मीही चाळली, पापण्यांपर्यंत पांढरी झाले. आता फडक्यातून थेंब गळेना. भिंत उभी राहिली, जाळीचा पाईप उतरला, नारळ फुटला, पंप सुरू झाला आणि पाणी आलंच नाही.

ह्यांना लगेच कळलं. आमचा लेप इतका घट्ट बसला होता की बाहेरचं पाणीही आत येईना. तो स्वच्छ पाण्याने धुवायला हवा होता आणि गावात स्वच्छ पाणी म्हणजे टँकरचं, प्यायचं. नाही धुतला तर बोअर कोरडा ठरवून मशीन पुढच्या गावाला जाणार. कोणत्या तोंडाने मागायचं, म्हणून हे मशीनच्या कडेला बसून राहिले. मी आमची घागर उचलली.

आत्याबाई माझ्याआधी पोचल्या होत्या. घागर टेकवून म्हणाल्या, "वता बाळा. आमीच लिपलंय, आमीच धुतो."

पाणी नाहीच आलं तर, असं ह्यांनी चाचरत विचारलं.

"मंग टँकर येस्तवर कळ काडू."

त्यांच्यामागे घागरींची रांग लागली. हे पाणी ओतत, आत ढवळत, उपसत राहिले. आधी दुधासारखं पांढरं आलं, मग गढूळ, मग नितळ, आणि येतच राहिलं.

पहिली घागर ह्यांनी स्वतः खांद्यावर घेतली, आत्याबाईंच्या घरी पोचवायला. मी मागून चालत होते. वाटेत हे थांबले, ओंजळभर पाणी माझ्या हातावर ओतलं आणि खाली बघत म्हणाले, "भाजी अळणी नव्हती."