हेमराजच्या ओट्यावरची खाट

वादळात शेजाऱ्याचं झाड तुमच्या छतावर पडलं, तर तुम्ही आधी काय शोधाल? करवत की झाडाचा मालक?

करवत म्हणालात, तर तुम्ही सुरतेत, आमच्या उधन्यात राहत नाही. इथे आधी मालक शोधावा लागतो. आणि झाड आडवं झालं की मालक कुठे जातो ते देवालाही सापडत नाही.

मी धुरपदाबाईबद्दल लिहितोय. तिचं नाव कुठल्या बोर्डावर नाही, सत्कार कुणी केला नाही, तिला त्याची पडलेलीही नाही. पारोळ्याकडच्या एका गावातून लग्न होऊन ती सुरतेत आली आणि पॅसेंजरमधून उतरली ती थेट या गल्लीत. नवरा लोटू कापडाच्या लूमवर. लूमच्या खडखडाटाने त्याचे कान गेले, त्यामुळे या घरात सगळं एकतर ओरडून बोलतात, नाहीतर हाताने. धुरपदाबाई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. तिच्या बोटांना डिंकाचा असा थर बसलाय की गरम भाकर ती तव्यावरून सरळ उचलते.

तिला एकच लेक, वर्षा. कडोदऱ्याला दिलेली. या पावसाळ्याच्या तोंडावर तिचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. पण धुरपदाबाईचं स्वतःचं माहेरी झालं नव्हतं. तिला आई नव्हती, न्यायला कोणी आलं नाही. अंगात ताप असताना बाळाला सासूजवळ टाकून ती नळावर रांगेत उभी होती. "मन्या पोरीले मी नळावर उभी करनार नही," एवढंच ती तिच्या अहिराणीत बोलते, आणि बोलताना समोरच्याकडे असं बघते की जणू नळ त्यानेच बंद केलाय.

म्हणून तिने पुढची खोली चुन्याने रंगवली, खिडकीला जाळी लावली, खाट विणून घेतली. आणि मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ आलं. शेजारच्या हेमराजच्या दारातला कडुनिंब मुळासकट उपटला आणि त्याच खोलीच्या पत्र्यावर येऊन पडला. कुणाला लागलं नाही. पण पत्रा फुटला, भिंतीला भेग गेली आणि खोड तिथेच टेकून राहिलं.

आता हेमराज. हाही आपलाच, खानदेशचा. लूमवर कारीगर होता, मग मुकादम झाला, मग दोन मजले चढवले आणि खोल्या भाड्याने द्यायला लागला. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या माहेरवाशिणी याच कडुनिंबाला झोका बांधायच्या, तेव्हा हा खुर्ची टाकून बसायचा. "बांधा, बांधा, लाजू नका. झाड आपलंच आहे." हे वाक्य गल्लीतल्या प्रत्येक पोरीने ऐकलंय.

वादळानंतर फायरवाले आले. रस्त्यावरच्या फांद्या कापल्या, ट्रकात भरल्या आणि निघाले. घरावरचं खोड आमचं काम नाही म्हणाले. धुरपदाबाईने एका झाड कापणाऱ्याला विचारलं. त्याने सांगितलेला आकडा ऐकून लोटूसुद्धा "काय?" म्हणाला, आणि या वेळी त्याला नीट ऐकू आलं होतं. हेमराजकडे गेली, तर तो म्हणाला, "वहिनी, वादळ काय मी आणलं? ज्याच्या घरावर पडलं, त्याने उचलायचं."

तिकडून विहिणीचा, सरस्वतीबाईचा फोन. "तुमच्याकडे घरावर झाड आहे म्हणे. राहू द्या मग. वर्षा इथेच बाळंत होईल. आम्हालाही दवाखाना आहे." बोलण्यात साखर होती, पण अर्थ स्पष्ट होता. खोली नाही तर लेक नाही.

मग धुरपदाबाई माझ्याकडे आली; गल्लीतली सरकारी भांडणं माझ्याकडेच येतात. मी वॉर्ड ऑफिसात गेलो, टेबलावर हात आपटले, आवाज चढवला आणि एका साहेबाला गाडीवर मागे बसवून गल्लीत आणलंच. साहेबाने हेमराजला विचारलं, "झाड कोनुं छे?"

हेमराजने हात जोडले. "साहेब, झाड रस्त्याचं. कॉर्पोरेशनचं. मी तर नुसतं पाणी घालायचो. सेवा म्हणून."

गल्लीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. मी तापलो. म्हणालो, "लाज वाटू दे, हेमराज." साहेबाने मात्र मान डोलावली. झाडखात्याला कळवतो, नंबर लागेल तेव्हा माणसं येतील, असं सांगून तो निघून गेला. नंबर म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तोपर्यंत वर्षाचं बाळ चालायला लागेल.

धुरपदाबाई झाडाच्या खड्ड्याकडे बघत होती. तिथून तिची नजर हेमराजच्या ओट्यावर गेली. गेल्या दिवाळीत त्याने नवा ओटा बांधला, चकचकीत फरशीचा, स्टीलच्या कठड्याचा. हा ओटा झाडाच्याही पुढे, रस्त्यात आलेला. माझ्यासारख्या भांडकुदळ माणसाच्या डोळ्यांना ते रोज दिसत होतं, पण त्या क्षणी डोक्यात आलं ते तिच्या.

सकाळी गल्ली उठली, तर हेमराजच्या ओट्यावर खाट. खाटेवर गोधडी, उशी, बाजूला पाण्याचा माठ. धुरपदाबाई मांडी घालून साड्यांना खडे चिकटवत बसलेली. हेमराज दात घासत बाहेर आला आणि तोंडातला फेस तसाच राहिला.

"वहिनी, हे काय?"

"खाट."

"ते दिसतंय. इथे कशाला?"

"झाड तुनं नही ना, भाऊ?"

"नाही. काल सांगितलं ना साहेबाला."

"रस्तानं शे?"

"हो."

"मंग झाडना पुढला हाऊ वटा कोना शे?"

हेमराजने पायाखालच्या फरशीकडे पाहिलं.

"मन्या पोरीनी खोली मोडनी. आते मनी पोर आठेच, या वटावर, बाळतीन व्हई. कॉर्पोरेशननी जागा शे, तुनं काय जास?"

दुपारपर्यंत गल्लीतल्या आणखी बाया आपापली गाठोडी घेऊन ओट्यावर आल्या. सावली चांगली होती आणि फरशी गार होती. एक म्हणाली, "हेमराजभाऊ, चहा तरी पाजा. सरकारी पाहुण्या आहोत." दुसरी कठड्यावर ओली लुगडी वाळत टाकून म्हणाली, "सेवा म्हणून." हेमराजची बायको दार लावून आत बसली. भाडेकरू जिन्यावरून उतरताना हसू दाबत होते.

हेमराज माझ्याकडे आला. "तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकते ती."

"माझं कोणीच ऐकत नाही," मी म्हणालो. "पण ओट्याचं म्हणत असशील, तर साहेबाला पुन्हा आणतो. या वेळी मोजायची टेप घेऊन यायला सांगतो."

टेप म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी तो खाटेजवळ आला, खाली बघत पुटपुटला, "बरं. झाड माझं. उद्या माणसं लावतो."

धुरपदाबाईने हातातला खडा साडीवर दाबला, जागेवर बसला का ते पाहिलं आणि मग मान वर केली. "मले नको सांगू. आमना घरधनीले सांग."

लोटू समोर दारात उभा होता.

"झाड माझं आहे, दादा," हेमराज म्हणाला.

लोटूने कानाला हात लावला.

"जोरमा सांग," धुरपदाबाई म्हणाली. "त्यासले ऐकू येत नही."

"झाड माझं आहे!"

"आनखी जोरमा."

आणि दोन मजल्यांचा मालक भर गल्लीत, भाडेकरू आणि बायाबापड्यांसमोर, गळ्याच्या शिरा फुगवून ओरडला, "झाड माझं आहे!"

लोटूने मान हलवली. "मले माहित शे. नवं काय सांगस?"

अशी हसली गल्ली की पलीकडच्या सोसायटीतून लोक काय झालं म्हणून बघायला आले.

दुसऱ्या दिवशी खोड उचललं. हेमराजने पैसे दिले. पण पत्र्याचा विषय काढला तर म्हणतो, मी झाड कबूल केलं, घर नाही. धुरपदाबाईने खाट आत घेतली आहे, पण माठ अजून त्याच्या ओट्यावरच ठेवलाय. पत्र्याचं भांडण आम्ही सोडणार नाही. ते होईपर्यंत मात्र थांबायला वेळ नाही, वर ढग जमायला लागलेत. सरस्वतीबाईला तिने फोन करून सांगितलंय, "येत्या आठवड्यात मी पोर न्यायले येस. खोली तयार शे." खोली तयार नाही. पत्रे तिने उधारीवर आणून भिंतीला लावून ठेवलेत आणि बसवणारा मिळत नाही. सगळे कारीगर वादळाच्या कामात अडकलेत.

तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला पत्रा बसवता येत असेल, किंवा बसवणारा ओळखीचा असेल, तर येत्या रविवारी सकाळी उधन्याला आमच्या गल्लीत या. मजुरी मिळेल, धुरपदाबाई रोख देईल, फुकटचं काम ती करवून घेत नाही. फोटो काढायला आणि कीव करायला कोणी येऊ नका. आणि येताना लांब शिडी घेऊन या. गल्लीत एकच आहे, ती हेमराजची.